छाट

टीम लीडर म्हणून फॉर्मवर माझं नाव,
कारण चौघांत अक्षर माझं बरं.
अंजुम नदाफ, रेवणसिद्ध हत्तुरे, श्रीनाथ येमूल आणि मी.
शेवटचं वर्ष, मेकॅनिकल.
विषय: पक्षाघातानंतर मिटलेली मूठ उघडणारं यंत्र.
वर्कशॉपच्या पत्र्याखाली मार्चमध्येच एक्केचाळीस अंश
आणि एकच पंखा, तोही लेथकडे तोंड करून.

विडी घरकुलात, तिसऱ्या गल्लीत, नरसम्मा गज्जम.
उजवा हात छातीशी,
बोटं आत, जणू कुणी देऊन गेलेली चिल्लर
अजून मोजायची राहिलीय.
बेचाळीस वर्षं रोज हजार विड्या.
मग एका सकाळी मांडीवरचं सूप घसरलं,
तंबाखू फरशीभर,
आणि ती नुसती बघत राहिली, सून सांगते,
दुसऱ्याच कुणाची सांडल्यासारखी.

पहिलं यंत्र नेलं ते काळं, चकचकीत.
दोन मोटारी, सहा वायरी,
श्रीनाथचा चाळीस रात्रींचा कोड.
डाव्या हाताने तिने ते उचललं,
वजन घेतलं, दाराच्या उजेडात धरलं,
बाजूला ठेवलं.
"छाट," म्हणाली.

हा शब्द मुकादमाचा.
हजारातल्या साठ-सत्तर उचलून फेकायचा तो,
मान वर न करता, आणि मजुरी कापायचा.
आयुष्यभर ऐकलेला शब्द
तिने पहिल्यांदाच वापरला असावा,
कारण तो तोंडातून गेल्यावर
ती जराशी हसली.

दुसरं हलकं होतं. मोटार होतीच.
बोटं उघडली, ठरल्याप्रमाणे, एका दमात.
रेवणसिद्ध टाळी वाजवायला हात वर करतो तोच
"अम्मा गं"
आणि गल्लीतलं कुत्रंसुद्धा उठून उभं राहिलं.
माझ्या वहीत लिहिलेलं होतं: बल पुरेसं.
कुणाला पुरेसं,
असा रकाना मी आखलाच नव्हता.

अशोक चौकात, चहाच्या गाड्यापाशी, मी म्हणाले,
मोटार काढायची.
सबमिशनला अकरा दिवस.
श्रीनाथ ग्लासकडे बघत म्हणाला,
"मग चार महिने मी काय केलं बे?"
लीडरकडे अशा वेळी उत्तर असतं म्हणे.
माझ्याकडे सुटे पैसे होते, ते मी दिले.
पाच दिवस त्याने फोन उचलला नाही.
मी तीन मेसेज लिहिले, तीन पुसले.

सहाव्या दिवशी आला,
टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन.
मागाच्या स्प्रिंगा. गंजाचा वास, तेलाचा वास.
"बाबांनी माग किलोवर घातला भंगारात.
एवढ्या मात्र ठेवल्या डब्यात.
म्हणतात, ताण कळतो यांना."
आणि तो माझ्याकडे न बघता
एकेक स्प्रिंग ताणकाट्याला लावत बसला
रात्री दोनपर्यंत.

तिसरं यंत्र दिसायला ओबडधोबड.
आतून टॉवेलाचा कपडा,
शिवण अंजुमच्या आईची, शेवटचे चार टाके रेवणसिद्धचे,
ते ओळखू येतात.
बोट नेईल तेवढंच उघडतं. थांबलं की थांबतं.
नरसम्माने तेंदूचं एक पान उचललं.
पडलं.
उचललं.
पडलं.
आम्ही चौघं भिंतीला टेकून, श्वास धरून,
प्रत्येक जण दुसरीकडेच बघत.
पान राहिलं.
किती वेळ, ते मोजायचं काम माझं होतं,
मी घड्याळ लावायचं विसरले.

तिने यंत्र परत दिलं नाही.
"उद्या," सून म्हणाली. उद्याही नाही.
तोंडी परीक्षेला आम्ही छाट झालेली दोन घेऊन गेलो.
"आणि अंतिम मॉडेल?"
"सर, ते वापरात आहे."
त्यांनी काहीतरी लिहिलं, बहुतेक कापलं.

जूनमध्ये पुन्हा गेलो.
पट्टा काळपट झालेला, तंबाखूचा वास धरलेला.
अंगठा, तर्जनी, मधलं बोट,
तिने एकेक उघडून दाखवलं, सावकाश,
मुकादमासमोर कट्टा ठेवावा तसं.
मग करंगळी.
ती अजून आत, घट्ट.
तिच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे.
श्रीनाथने खिशातून टेप काढली.